'बॅड न्यूज': शाळेत वापरावा, पण तासाच्या जागी नव्हे

केंब्रिज विद्यापीठातील संशोधक सँडर व्हॅन डर लिंडेन आणि यॉन रोझेनबेक यांनी एका डच संस्थेसोबत तयार केलेला 'बॅड न्यूज' हा ऑनलाइन खेळ २०१८ मध्ये खुला झाला. तो मोफत आहे, ब्राउझरमध्ये चालतो आणि शाळेच्या एका तासिकेत सहज पूर्ण होतो. यात खोट्या बातम्या ओळखायच्या नसून पसरवायच्या असतात. दिलेल्या पर्यायांतून निवड करत बनावट वृत्तस्थळ उभारायचे आणि विश्वासार्हता टिकवून अनुयायी वाढवायचे, हे खेळणाऱ्याचे काम. तोतयेगिरी, भावना भडकवणे, फूट पाडणे, कटाच्या कहाण्या रचणे, टीकाकारांची बदनामी आणि ट्रोलिंग या युक्त्या साधल्या की सहा बिल्ले मिळतात. फसवणुकीची सौम्य मात्रा आधीच दिल्यास मन पुढच्या फसवणुकीला प्रतिकार करते, हा मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅकग्वायर यांनी १९६० च्या दशकात मांडलेला विचार त्यामागे आहे.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो बदनामीचा टप्पा. आपली बातमी खोटी असल्याचे कुणी पुराव्यानिशी दाखवून देते, तेव्हा खेळ आपल्याला उत्तर द्यायला नव्हे, तर तपासणाऱ्याच्याच हेतूंवर संशय घ्यायला प्रवृत्त करतो. मुद्दा सोडून माणसावर घसरण्याची ही रीत मुलांना व्याख्येतून जेवढी कळणार नाही, तेवढी ती स्वतः वापरताना कळते.

मात्र या खेळाचे जग ट्विटरचे आहे. तिथे खोटे बोलणारा अनोळखी असतो. आपल्याकडे तोच मजकूर काकांकडून किंवा सोसायटीच्या गटातून व्हॉट्सॲपवर येतो आणि पाठवणाऱ्यावरच्या विश्वासामुळे खरा मानला जातो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून जमावाने भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारले. अशा अफवेपुढे थांबायला शिकवण्याची तयारी या खेळात नाही. त्याच्याच धर्तीवर व्हॉट्सॲपसाठी केलेल्या खेळाची उत्तर भारतात चाचणी झाली, तेव्हा लक्षणीय परिणाम आढळला नाही. शिवाय अशा खेळांच्या आधीच्या प्रयोगांतील माहिती २०२३ मध्ये पुन्हा तपासणाऱ्या संशोधकांच्या मते, ते खेळल्यावर खऱ्याखोट्याची पारख सुधारण्याऐवजी सगळ्याच बातम्यांविषयीचा संशय वाढतो. शाळेच्या दृष्टीने हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण कशावरच विश्वास न ठेवणारा विद्यार्थी घडवणे हे माध्यमशिक्षणाचे उद्दिष्ट असू शकत नाही.

याउलट बिहारमध्ये तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या सहभागाने झालेल्या प्रयोगात, गावोगावच्या ग्रंथालयांत शिक्षकांनी काही आठवड्यांच्या अंतराने वर्ग घेतले, तेव्हा मुलांची खरी-खोटी माहिती वेगळी करण्याची क्षमता वाढली आणि तो परिणाम काही महिन्यांनंतरही टिकून होता. तिथे समोर शिकवणारा माणूस होता, चर्चा होती आणि विषयाकडे पुन्हा पुन्हा वळण्याची सवड होती.

म्हणून नववी-दहावीच्या वर्गासाठी मी या खेळाची शिफारस करतो, पण अटीसह. एका तासिकेत प्रोजेक्टरवर तो सगळ्यांनी मिळून खेळावा. पुढच्या किमान दोन तासिकांत मुलांनी घरच्या गटांत आलेले संदेश आणावेत, त्यांत यांपैकी कोणती युक्ती वापरली आहे ते शोधावे, आणि शिक्षकांनी त्यांत काही खऱ्या बातम्याही आवर्जून मिसळाव्यात. ज्या शाळेला एवढा वेळ काढणे शक्य नाही, तिने नुसता खेळ दाखवू नये.