तीव्र सौर वादळाचं मॉडेलिंग: टीएस०५ घ्यावं की एसडब्ल्यूएमएफ?

टीएस०५ आणि एसडब्ल्यूएमएफ ही सौर वादळात पृथ्वीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र कसं बदलतं हे काढणारी दोन मॉडेलं आहेत. आधी आपला प्रश्न ठरवा. होऊन गेलेल्या वादळात एखादा उपग्रह कोणत्या क्षेत्ररेषेवर होता, एवढंच पाहायचं असेल तर टीएस०५ पुरेसं आहे. वीजजाळ्यात शिरणाऱ्या प्रवाहांचा अंदाज हवा असेल तर या दोघांपैकी एसडब्ल्यूएमएफच घ्यावं.

टीएस०५ हे उपग्रहांच्या मोजमापांवर बसवलेलं सूत्र लॅपटॉपवर चालतं. त्याला सौरवाऱ्याचा दाब, डीएसटी (वादळात जमिनीवरचं चुंबकीय क्षेत्र किती घसरलं ते सांगणारा तासाचा निर्देशांक), सौरवाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राचे बीवाय आणि बीझेड हे घटक, आणि डब्ल्यू१ ते डब्ल्यू६ असे दहा आकडे लागतात. डब्ल्यू आकड्यांत वादळाचा आधीचा इतिहास साठत जातो, त्यामुळे मोजणीत तासाभराचा खंड पडला की पुढचे कित्येक तास बिघडतात. मॉडेल फक्त बाह्य, म्हणजे पृथ्वीबाहेरच्या प्रवाहांमुळे तयार होणारं, क्षेत्र देतं. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र आयजीआरएफ या प्रमाणित मॉडेलमधून वेगळं मिळवावं लागतं. नवखे हमखास दोन ठिकाणी चुकतात: पृथ्वीच्या चुंबकीय अक्षाचा कल रेडियनऐवजी अंशांत देतात आणि सौरवाऱ्याच्या एक्स-वेगाचं (सूर्य-पृथ्वी रेषेवरच्या वेगाचं) उणे चिन्ह विसरतात.

खरी अडचण वेगळीच आहे. हे सूत्र १९९६ ते २००० मधल्या ३७ वादळांवर बसवलेलं आहे, आणि त्या वर्षांत डीएसटी जेमतेम उणे ३०० नॅनोटेस्लापर्यंत उतरला होता. मे २०२४ मध्ये तो उणे ४०० च्याही खाली गेला. अशा वेळी टीएस०५ चं उत्तर दिसायला गुळगुळीत असतं, पण त्याला मोजमापांचा आधार नसतो.

एसडब्ल्यूएमएफ प्लाझ्माची (भारित कणांच्या वायूची) समीकरणंच सोडवतं, त्यामुळे न पाहिलेल्या वादळातही त्याचं भौतिकशास्त्र सुटत नाही. चुंबकावरणाची (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा पगडा असलेल्या प्रदेशाची) सूर्याकडची सीमा एरवी सुमारे १० पृथ्वीत्रिज्यांवर असते. ती ६.६ त्रिज्यांच्या, म्हणजे भूस्थिर कक्षेच्या, आत दाबली जाते का, हे इथे गणितातून निघतं. मात्र ही समीकरणं कणांचं ऊर्जेनुसार वेगवेगळं वाहणं धरत नसल्याने वलयप्रवाह (पृथ्वीभोवती फिरणाऱ्या भारित कणांचे प्रवाह) आरसीएम हे आतल्या चुंबकावरणाचं मॉडेल जोडल्याशिवाय नीट उभे राहत नाहीत. आरसीएम बंद ठेवलंत तर डीएसटी फारच उथळ येईल. इनपुटमधला बीएक्स (क्षेत्राचा सूर्य-पृथ्वी रेषेवरचा घटक) स्थिर किंवा शून्य ठेवा, नाहीतर चुंबकीय क्षेत्राचं डायव्हर्जन्स (क्षेत्ररेषांचा कुठेही उगम किंवा शेवट नसणं) शून्य राहणार नाही. जमिनीवरच्या क्षेत्रबदलाचे तीक्ष्ण झटके मात्र बारीक ग्रिडवरही बहुधा कमीच येतात.

मोठा संगणक-क्लस्टर नसेल तर मॉडेल चालवून देणाऱ्या नासाच्या सीसीएमसी केंद्राकडे रन मागवता येतो. निकालाची पडताळणी तासाच्या डीएसटीपेक्षा डीएसटीसारख्याच, पण दर मिनिटाच्या सिम-एच निर्देशांकाशी करा. त्यात आपल्या अलिबाग वेधशाळेची मोजणीही असते.