निवासी व्यसनमुक्ती केंद्र : ३० दिवसांचा अनुभव

माझ्या थोरल्या भावाला गेल्या वर्षी दारू सोडवण्यासाठी एका खासगी निवासी केंद्रात ३० दिवस ठेवले होते. केंद्राचे नाव मुद्दाम लिहीत नाही. जेवण साधे पण वेळेवर मिळे, स्वच्छतागृहे नीट होती, आणि दारू बंद झाल्यावर पहिल्या आठवड्यात येणारी थरथर, घाम व झटक्यांचा धोका तिथल्या डॉक्टरांनी औषधे आणि थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देऊन उत्तम सांभाळला.

तक्रार आहे ती रात्रींबद्दल. आम्ही किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून गाव झोपलेले असताना भूकंप झाला, आमचे माळवदाचे घर बसले आणि अकरा वर्षांचा दादा दगडमातीखाली काही तास अडकून पडला. शेजारी आजी होती; तिच्या हाका कधी थांबल्या, हे तो आजही सांगत नाही. तेव्हापासून तो दिवा लावून आणि दार उघडे ठेवूनच झोपतो, आणि पंचविशीत त्याने बाटली जवळ केली ती झोपेसाठीच. केंद्रात मात्र साडेनऊला दिवे बंद होत आणि हॉलला बाहेरून कुलूप लागे. प्रवेशाच्या अर्जात रोज किती क्वार्टर लागतात याचा रकाना होता, झोप कशी लागते याचा नव्हता. तिसऱ्या आठवड्यातही तो ओरडत उठे, तेव्हा ‘विड्रॉअल (दारू सुटतानाचा त्रास) आहे, जाईल’ एवढेच आम्हाला सांगण्यात आले. गटचर्चेत त्याने ढिगाऱ्याचा विषय काढला तर ‘बहाणे नकोत’ असे त्याला ऐकवले गेले.

घरी आल्यावर गणपतीत ढोल वाजू लागले आणि त्याने पुन्हा प्यायला सुरुवात केली.

पुढे एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समुपदेशक बाईंनी त्याला हो-नाहीचे पाच प्रश्न विचारले : भयस्वप्ने पडतात का, त्या आठवणी टाळता का, सतत सावध असता का, माणसांपासून तुटल्यासारखे वाटते का, स्वतःला दोष देता का. पाचही उत्तरे ‘हो’ आली. अर्थात निदान तेवढ्यावर झाले नाही. दारू पूर्ण उतरल्यावर डॉक्टरांनी सविस्तर मुलाखत घेतली आणि मगच आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, असल्याचे सांगितले. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते, आणि दारू थांबली की दबलेली स्वप्ने काही काळ अधिक जोराने येतात, हे आम्हाला तिथे प्रथमच कळले. ‘आधी दारू सोड, मनाचे नंतर बघू’ हा जुना क्रम न पाळता त्यांनी दोन्ही उपचार एकाच वेळी सुरू केले : गोळ्या, आणि त्या पहाटेबद्दल गटासमोर नव्हे तर एकट्याशी, त्याच्या गतीने बोलणे. दर आठवड्याला रांगेत तीन तास जातात, ही तिथली गैरसोय.

केंद्राला शरीराच्या उपचारासाठी मी पाचपैकी चार गुण देईन, बाकीच्यासाठी एक. चौकशीला फोन कराल तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात आणि रात्री दिवा चालू ठेवू देतात का, हे आधी विचारा. आम्ही फक्त फी विचारली होती.