वॉटर-फेड पोलचा ३० फुटी सेट: काचा साफ करायचा धंदा सुरू करणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

वॉटर-फेड पोल म्हणजे शुद्ध पाणी पाईपने वर नेऊन ब्रशमधून काचेवर सोडणारा लांब दांडा. हा सेट घेऊन बरेच महिने झाले, एक पावसाळा आणि एक दिवाळी सीझन त्याच्यावर काढून झालाय, पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्हीकडे वापरलाय, त्यामुळे आता मोकळेपणाने लिहितो. पोल चांगला आहे, घ्या. पण पैसे वाटून घालायचे असतील तर पोलच्या उंचीवर कमी आणि पाण्याच्या फिल्टरवर जास्त घाला, कारण हा सगळा खेळ पाण्याचा आहे आणि विकणारा नेमकं तेच सांगत नाही.

सेटमध्ये काय येतं ते आधी. साधारण ९ मीटरचा टेलिस्कोपिक पोल, ग्लास फायबर आणि कार्बन मिक्स ज्याला हायब्रिड म्हणतात तो, वर वाकडी मान, तिला ब्रश, ब्रशमध्ये दोन जेट, पाईप, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) आणि ७ लिटर रेझिनची डीआय बाटली (रेझिनच्या दाण्यांनी पाण्यातले क्षार काढणारा फिल्टर). पंप आणि बॅटरी वेगळी घ्यावी लागते, १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप पुरतो, मिनिटाला दीड-दोन लिटर पाणी वर गेलं की बास.

काम कसं होतं तर खाली उभं राहून ब्रशने आधी फ्रेम घासायची, मग काच, मग ब्रश काचेपासून जरा लांब धरून वरून खाली नुसत्या पाण्याने धुवायचं आणि सोडून द्यायचं. वायपर नाही, फडकं नाही, साबण तर अजिबात नाही. पाण्यातले क्षार आधीच काढलेले असतात त्यामुळे थेंब वाळला तरी मागे डाग राहात नाही. गिऱ्हाईकाला हे पटत नाही हो पहिल्यांदा, काच ओली ठेवून तुम्ही पुढच्या खिडकीला गेलात की लगेच "अहो दादा, पुसणार नाही का?" असं विचारतातच. त्यांना सांगायचं वीस मिनिटं थांबा आणि मग बघा. बघितल्यावर पुढचा प्रश्न येत नाही.

आता पाणी. डीआय बाटलीतलं रेझिन पाण्यातले क्षार पकडतं आणि जेवढे क्षार जास्त तेवढं ते लवकर संपतं, एवढं सरळ गणित आहे. आमच्या विक्रेत्याच्या कागदावर 'रेझिन हजारो लिटर चालेल' असं छापलेलं, कुठल्या टीडीएसला ते कुठेच नाही, आणि फोन केला तर "सर ते पाण्यावर डिपेंड आहे". अरे मग ते आधी सांगा ना! मी माझा हिशोब देतो. धरणाचं पाणी मऊ असतं, टीडीएस शंभर पीपीएमच्या (लिटरला शंभर मिलिग्रॅम क्षार) आसपास धरा, त्यावर ७ लिटर रेझिन दीडेक हजार लिटरपर्यंत जातं. तेच वाघोलीकडे किंवा कुठेही बोअर किंवा टँकरच्या पाण्यावर सहाशे पीपीएम लागलं तर अडीचशे लिटरमध्ये खेळ खल्लास, म्हणजे सलग तीन तासाचं सुद्धा काम नाही. पिण्याच्या पाण्याला आपल्याकडे ५०० पर्यंत टीडीएस चालतो, काचेला शून्य पाहिजे, दहाच्या वर गेलं की काळ्या काचेवर ठिपके दिसायला लागतात.

म्हणून डीआयच्या आधी आरओ लावाच. आरओ नव्वद-पंच्याण्णव टक्के क्षार काढतो आणि उरलेलं रेझिन सांभाळतं, मग तीच बाटली बोअरच्या पाण्यावर पण तीन-चार हजार लिटर खेचते. मोठी मेम्ब्रेन (आरओमधला गाळणारा पडदा) परवडत नसेल तर घरगुती ७५ जीपीडीचा (दिवसाला ७५ गॅलनचा) आरओ पण चालतो, त्याला दिवसाला साधारण २८० लिटर पाणी येतं म्हणजे रात्री लावून ठेवला की सकाळी शंभरेक लिटरचा ड्रम भरलेला, सुरुवातीला एका बंगल्याला तेवढं पुरतं. आरओच्या आधी कार्बन फिल्टर पाहिजेच, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मेम्ब्रेन खाऊन टाकतं. आणि रिजेक्टचं (आरओतून बाहेर टाकलं जाणारं जास्त क्षारांचं) पाणी कृपा करून गटारात सोडू नका, आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरला लोक रांगा लावतात, ते पाणी वेगळ्या ड्रममध्ये घ्या आणि खिडक्यांचे ट्रॅक, पार्किंग, गाडी धुवायला वापरा.

पोलबद्दल. पूर्ण उघडल्यावर तळमजला प्लस दोन आरामात होतं. हायब्रिड असल्याने थोडा झुलतो, वारा असला तर जास्तच, पण दोन दिवसात हात बसतो. क्लॅम्प (पोलचे सेक्शन जागेवर पकडणारी खिट्टी) हा याचा कमजोर भाग, धूळ आत गेली की सेक्शन घसरतात, म्हणून रोज संध्याकाळी पोल उघडून साध्या पाण्याने धुवा आणि क्लॅम्प आवळायची ॲलन की खिशात ठेवा. फुल कार्बन हलका असतो, खांद्याला फरक पडतो, पण किंमत सेकंडहँड स्कूटरच्या घरात जाते, सुरुवातीला गरज नाही. आणि वायरी! कार्बन आणि ॲल्युमिनियम दोन्ही वीज वाहून नेतात, ग्लास फायबर सुद्धा ओला झाला की भरवशाचा नाही. बंगल्यांच्या गल्लीत महावितरणची लाईन खिडकीच्या बाजूनेच गेलेली असते, तिथे काम घेऊच नका, पैसे सोडले तरी चालतील.

दुसरी गोष्ट जी परदेशी व्हिडिओ बघून कळणार नाही ती म्हणजे ग्रील. ब्रिटनमध्ये २००५ साली उंचीवरच्या कामाचे नियम आले, जमिनीवरून काम होत असेल तर वर चढू नका असं त्यात सरळ आहे, तिकडे गल्लीतल्या काचवाल्याकडेही हा पोल दिसतो. पण तिकडच्या खिडकीला बाहेरून ग्रील नसतं. आपल्या सोसायटीत बाहेर ग्रील, आत जाळी, मध्ये सरकत्या काचा, त्यात हा ब्रश जातच नाही. त्यामुळे फ्लॅटचं मार्केट डोक्यातून काढा. आपलं गिऱ्हाईक म्हणजे शोरूम, हॉस्पिटल, क्लासेस, बँका, छोटी ऑफिस बिल्डिंग, नवीन पद्धतीचे ग्रील नसलेले बंगले. दहा मजली टॉवरसाठी झुलेवालेच लागणार. मात्र जिथे तीन मजल्यांसाठी पोरं बांबूच्या परांचीवर किंवा हलत्या शिडीवर चढवली जातात ना, तिथे हा पोल खरंच पाहिजे. माझ्याबरोबर काम करणारी दोन्ही पोरं आता दिवसभर जमिनीवर असतात, फक्त यासाठी सुद्धा मी हा सेट परत घेईन. तरी त्यांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढलाय, वर्षाला २० रुपये आणि अपघाती २ लाखाचं कव्हर, बँकेत जाऊन पाच मिनिटाचं काम, तुम्ही पण काढा.

काय निघत नाही ते गिऱ्हाईकाला आधी सांगायचं. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी उडून बसलेले पांढरे क्षाराचे डाग, सिमेंट, पेंटचे शिंतोडे, सिलिकॉन, हे शुद्ध पाण्याने जात नाही, त्याला पॉलिश नाहीतर स्क्रेपर लागतो आणि त्याचा रेट वेगळा. पहिल्या वेळी फ्रेममधला मळ उशिरापर्यंत गळतो त्यामुळे दोनदा धुवायचं धरून चाला, नंतर दर महिन्याला गेलात की काम निम्म्या वेळात होतं. म्हणून एकदाच करून देण्यापेक्षा महिन्याचं कॉन्ट्रॅक्ट मागा, थोडा रेट कमी करून का होईना.

सोलर हे खरं वाढतं काम आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्य घर योजना (घरावर सोलर बसवायला सरकारी अनुदान) आली तेव्हापासून बंगल्यांवर पॅनल चढतायत आणि पुण्याची धूळ तर माहितीच आहे. हाच पोल, हाच ब्रश, फक्त सकाळी लवकर जायचं, तापलेल्या पॅनलवर गार पाणी मारलं तर काचेला तडा जाऊ शकतो. पॅनलवर पाय ठेवायची वेळ येत नाही हा मोठा फायदा.

कागदपत्रं फार नाहीत. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. माणसं मोजकीच असतील तर शॉप ॲक्टची (दुकानं आणि आस्थापनांचा कायदा) नुसती ऑनलाईन सूचना द्यायची. जीएसटी २० लाखाच्या उलाढालीपर्यंत सक्तीचा नाही पण कंपन्यांना जीएसटीचं बिल लागतं, त्यामुळे कुठलं गिऱ्हाईक धरायचंय ते ठरवा. सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेत शिशू गटात ५० हजार आणि किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत मिळतं, बँकेत जाताना सेटचं कोटेशन घेऊन जा.

माझे पोलला पाचपैकी चार, ब्रशला साडेचार, सोबतच्या माहितीपत्रकाला एक. पैसे भरण्याआधी विक्रेत्याला क्लॅम्प, ओ-रिंग आणि जेट सुटे मिळतात का ते विचारा आणि लेखी घ्या. रेझिन मात्र त्याच्याकडून रिफिल करू नका, पाण्याचे प्लांट बसवणाऱ्यांकडे मिक्स बेड रेझिन (डीआय बाटलीत भरतात तेच) २५ लिटरच्या पोत्यात मिळतं, बरंच स्वस्त पडतं, पोतं उघडलं की तोंड घट्ट बांधून सावलीत ठेवायचं कारण रेझिन वाळून परत ओलं झालं की दाणे फुटतात.