रिकव्हरीचा डबा: मांजराचं दुखणं कळेपर्यंतची सोय

रॉयल कॅनिन कंपनीचा रिकव्हरी हा आजारी मांजरांच्या खाण्याचा 195 ग्रॅमचा डबा. तो औषध नाही, त्याने कोणताही आजार बरा होत नाही. तरीही वर्षा-दीड वर्षाचं मांजर अचानक आजारी पडलं, ताप हटत नाही आणि रिपोर्टमधून काही हाती लागत नाही, अशा घरात हा डबा असावाच. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि मूळ आजारावर हा दुसरा आजार चढतो. गुबगुबीत मांजरात हा धोका जास्त. लहान पिल्लांची तर त्याआधीच साखर उतरते. म्हणून चोवीस तास तोंडात काही गेलं नाही तर थांबू नये, डॉक्टर गाठावा. पिल्लू असेल तर त्याहूनही लवकर.

आतला माल मऊ मूससारखा, सिरिंजमधून सहज जाणारा. डब्याची खरी किंमत इथेच आहे. मांजराच्या खाण्याचं साधं पाउच मिक्सरमधून काढलं तरी त्याचे कण सुईच्या जागी अडकतात.

किती द्यायचं ते वजनावर ठरतं. दोन किलोच्या मांजराला निपचित पडून राहण्यापुरत्याही दिवसाला साधारण 120 किलोकॅलरी लागतात. लेबलवर 100 ग्रॅमला किती कॅलरी आहेत ते बघून भागाकार करा. समजा तिथे 120 लिहिलंय, तर दिवसाला 100 ग्रॅम. पण उपाशी मांजराला हे पहिल्याच दिवशी द्यायचं नाही. पहिल्या दिवशी एक तृतीयांश, दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश, तिसऱ्या दिवशी पूर्ण, तेही चार-पाच वेळा विभागून. छोट्या मांजरासाठी डबा मोठा पडतो, ही यातली अडचण. उघडलेला माल झाकणाच्या डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवला तरी दोन दिवसांत संपवावा लागतो, उरलेला टाकायचा. मुंबईच्या दमट हवेत बशीत काढलेलं अर्ध्या तासानंतर उचलून टाका. साध्या पाउचपेक्षा हा महाग, त्यामुळे टाकताना जीव हळहळतो, पण शिळं देऊ नका.

फ्रिजमधलं थंड खाणं मांजर हुंगत नाही. वाटी कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये ते मधल्या भागात चटका बसण्याइतकं तापतं. वासासाठी मांदेली किंवा बोंबील नुसत्या पाण्यात उकडून ते पाणी चमचाभर घाला. मीठ, कांदा, लसूण अजिबात नको. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. वरून सुकट भुरभुरवू नका, ती खारट असते.

सिरिंज मेडिकलमधली, 5 मिलीची, सुई काढलेली. मांजराचं डोकं सरळ ठेवा, वर उचलू नका. सुळ्याच्या मागच्या फटीतून अर्धा ते एक मिली, गिळलं की पुढचा घोट. पाच-सहा वेळा धुतल्यावर दट्ट्याचं रबर कोरडं पडतं, जोर लावावा लागतो आणि मग सगळा माल एकदम घशात जातो. तो श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो, म्हणून दट्ट्या अडखळला की सिरिंज बदलाच. मांजर ओठ चाटतंय, लाळ गाळतंय, तोंड फिरवतंय म्हणजे त्याला मळमळतंय. तेव्हा जबरदस्ती केली तर त्या खाण्याची कायमची शिसारी बसते. थांबा, डॉक्टरांकडून आधी उलटी थांबवायचं औषध घ्या. रोज झटापट होत असेल तर मानेतून खाण्याची नळी टाकायचं डॉक्टरांना स्वतःहून विचारा. ऐकायला भीती वाटते, पण मांजराला ती सिरिंजपेक्षा कितीतरी सुसह्य असते. हाच मूस पाण्याने पातळ करून नळीतून जातो, आधी आणि नंतर 5 मिली कोमट पाणी सोडायचं.

तोंड उघडं टाकून श्वास, अंग गार, अर्धवट शुद्ध किंवा सतत उलट्या असतील तर डबा उघडूच नका. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल, महालक्ष्मीचं 2024 साली सुरू झालेलं टाटा ट्रस्ट्सचं हॉस्पिटल किंवा जवळचा दवाखाना, फोन करा आणि निघा. जिभेखालीही बघा. गजऱ्याचा दोरा तिथे अडकून पोटापर्यंत गेलेला असू शकतो. दिसला तरी ओढायचा नाही, आतडं कापलं जातं. तापासाठी क्रोसिन तर चुकूनही नको, पॅरासिटामॉलने मांजर मरतं.

डब्याइतकाच स्वयंपाकघरातला वजनकाटा महत्त्वाचा. रोज ठरलेल्या वेळी वजन, ताप, किती ग्रॅम खाल्लं हे लिहून डॉक्टरांना दाखवा. अँटिबायोटिकने न हलणारा ताप, घसरतं वजन, फुगणारं पोट, रक्तातल्या प्रथिनांपैकी ग्लोब्युलिन वाढलेलं आणि अल्ब्युमिन कमी, असं जुळत असेल तर एफआयपी या मांजरांच्या विषाणूजन्य आजाराबद्दल विचारा. तरुण मांजरांत हा आजार वारंवार आढळतो. एकेकाळी तो म्हणजे मृत्यूच होता, आता जीएस-441524 या औषधाने बरीच मांजरं वाचतात. कोर्स सहसा 84 दिवसांचा, डोस वजनावर. पिल्लू वाढलं आणि डोस तोच राहिला तर औषध कमी पडतं.

स्वतःहून गरजेच्या तीन चतुर्थांश खाऊ लागलं की सिरिंज बंद करा आणि रिकव्हरीत रोजचं खाणं थोडं थोडं मिसळत आठवडाभरात बदल करा.