शेफिल्ड ते कॅसलटन, बसने आणि पायी : ५ पैकी ४ स्टार

"गाडी नाही? मग तुम्ही पीक डिस्ट्रिक्ट बघणार कसं?" हा प्रश्न मला इतक्यांदा ऐकावा लागलाय की एकदाचं सगळं लिहूनच टाकते. आम्ही नवरा-बायको इंग्लंडमधल्या शेफिल्डला राहतो, गाडी घ्यायची घ्यायची म्हणत तीन वर्षं गेली, आणि या तीन वर्षांत शेजारच्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातल्या होप व्हॅलीतले जवळपास सगळे रस्ते आम्ही बस आणि पाय यांच्याच जोरावर पालथे घातलेत. आता तर माझं मत असं झालंय की या भागात चालायला जायचं असेल तर गाडी ही उलट अडचणच आहे.

कशी ते सांगते. गाडीवाल्यांना पार्किंग शोधण्यापासून सुरुवात, मॅम टोर या डोंगराच्या आसपास तर सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊनंतर जागाच मिळत नाही, आणि मिळाली तरी जिथे गाडी लावली तिथेच परत यावं लागतं, म्हणजे गोल गोल फिरणं आलंच. बसवाल्याचं तसं नाही. एका गावात उतरायचं, डोंगर चढून पलीकडच्या गावात उतरायचं आणि तिथून बस पकडायची.

बस शेफिल्डच्या इंटरचेंजवरून सुटते, फॉक्स हाउस, हॅदरसेज, बॅमफर्ड, होप असं करत कॅसलटनला संपते, तासाभराचा प्रवास. भाड्यावर सरकारची मर्यादा आहे, २०२३ च्या जानेवारीत २ पाउंड होती, २०२५ पासून ३ पाउंड झाली. कार्ड टॅप करा नि बसा. पण शक्यतो पुढची सीट पकडा, कारण फॉक्स हाउस गेल्यावर माळरान संपतं आणि एका वळणावर अचानक सगळी दरी समोर उघडते, त्या जागेला इथे सरप्राइज व्ह्यूच म्हणतात. पहिल्यांदा मी चक्क "अगं बाई" असं मोठ्याने म्हणाले होते.

आमचा सगळ्यात आवडता रूट म्हणजे होपला उतरून लूज हिल, तिथून डोंगराच्या धारेवरून मॅम टोर आणि खाली कॅसलटन. साधारण १० किलोमीटर, खात-पीत, फोटो काढत गेलं तर चार-पाच तास. लूज हिल ४७६ मीटर आणि मॅम टोर ५१७ मीटर, म्हणजे आपल्या गडांच्या मानाने टेकडीच, नवरा पहिल्या दिवशी म्हणाला पण तसं, "अगं हे काय, एवढंसं!" आणि अर्ध्या तासाने होपहून वर येणाऱ्या चढावर गप्प झाला. गवत ओलं असतं, चढ सरळसोट असतो आणि वर पोचलं की वारा असा की टोपी गेलीच म्हणून समजा. मधे बॅक टोरचा उतार पावसानंतर फार निसरडा होतो, तिथे मी बसून घसरत आले, त्यात लाज काही नाही.

पण धारेवर एकदा चालायला लागलात की उजवीकडे एडेलचं हिरवं खोरं आणि त्यामागे किंडर स्काउटचं काळपट पठार, डावीकडे कॅसलटन, आणि मधेच सिमेंटच्या कारखान्याची उंच चिमणी. काही लोकांना ती चिमणी खटकते, मला नाही, वाट चुकलात तर दिशा तरी कळते. वाटेत हॉलिन्स क्रॉस म्हणून खिंड लागते. १७ व्या शतकात एडेलला स्वतःचं चर्च होईपर्यंत तिथले लोक शवपेट्या खांद्यावर घेऊन या खिंडीतून कॅसलटनला यायचे. आम्ही तिथे बसून थेपले खात होतो तेव्हा हे वाचलं आणि घास जरा हळूच गिळला.

आणि समोर दिसणाऱ्या त्या किंडरवर २४ एप्रिल १९३२ ला शेकडो कामगार पोरं मुद्दाम मालकांच्या जमिनीत घुसली होती, कारण तेव्हा हे माळ श्रीमंतांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेले होते. पाच जणांना तुरुंगात टाकलं. पुढे नॅशनल पार्कचा १९४९ चा कायदा आला, १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट देशातलं पहिलं नॅशनल पार्क झालं, आणि २००० च्या कायद्याने अशा मोकळ्या माळांवर फिरायचा हक्क मिळाला. म्हणून माळावर तिकीट नाही, परवानगी नाही, आणि कुणाच्याही शेतातून पिवळ्या बाणाची, म्हणजे पायी चालणाऱ्यांची सार्वजनिक वाट गेली असेल तर बिनधास्त जा. निळा बाण असेल तर त्या वाटेवर घोडे आणि सायकली पण येतात. फाटक जसं होतं तसंच ठेवायचं, बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. आणि गायींबरोबर वासरं असतील तर लांबून जायचं, इथल्या गायी दिसतात शांत पण वासरू जवळ असलं की त्यांचा काही भरवसा नाही.

मॅम टोरवरून उतरताना जुना रस्ता अजिबात चुकवू नका. हा पूर्वीचा मुख्य रस्ता, पण डोंगरच ठिसूळ, सतत सरकणारा, म्हणून याला थरथरणारा डोंगरही म्हणतात. दुरुस्त करून करून सरकार थकलं आणि १९७९ मध्ये रस्ता गाड्यांना कायमचा बंद केला. आता तिथे डांबराचे थर केकच्या तुकड्यांसारखे तिरपे पडलेत, मधली पांढरी रेघ अजून दिसते आणि पुढे रस्ता सरळ खाली खचलेला. मला तर वरच्या शिखरापेक्षा हेच जास्त आवडलं.

कॅसलटन गाव छान आहे पण गर्दीचं. ब्लू जॉन नावाच्या जांभळ्या-पिवळ्या दगडाचे दागिने सगळ्या दुकानांत, किमती बघून आम्ही नमस्कार करून बाहेर. पेव्हरिलचा किल्ला वर आहे, चढण बरीच, पण वरून नजारा मस्त. पीक कॅव्हर्न या गुहेचं जुनं नाव सैतानाचं ढुंगण, खरंच, मी बनवून सांगत नाहीये, आणि तिच्या तोंडाशी दोर वळणाऱ्यांची वस्ती होती.

ज्यांना इतकं चढायचं नाही त्यांनी फॉक्स हाउसला उतरून पॅडली गॉर्जमधून खाली ग्रिंडलफर्ड स्टेशनपर्यंत चालावं, सगळा उतार, ओकची वाकडी झाडं, शेवाळलेले दगड, बाजूने ओढा, आणि परत यायला ट्रेन. मुलं असतील तर हेच बेस्ट. हॅदरसेजला उतरलात तर स्टॅनेज एजचा कडा, तिथे गवतात अर्धवट घडवून टाकून दिलेले जात्याचे दगड पडलेले दिसतात, आणि गावात १९३६ चा उघडा स्विमिंग पूल आहे, गरम पाण्याचा! चर्चच्या आवारात रॉबिन हुडचा साथीदार लिटल जॉन याची म्हणून दाखवतात ती कबर पण आहे, लांबी बघून हसायला येतं.

एक स्टार का कापला? रविवारी आणि संध्याकाळी बस कमी होतात. त्यातही आमचा मूर्खपणा म्हणजे एकदा बँक हॉलिडेच्या, म्हणजे सार्वजनिक सुट्टीच्या सोमवारी आम्ही साधं टाइमटेबल वाचून निवांत चहा पीत बसलो, आणि स्टॉपवर पोचल्यावर कळलं की आज रविवारचं लागू आहे. मग काय, कॅसलटनपासून होप स्टेशनपर्यंत तासभर पायी, पाऊस सुरू, नवऱ्याचे बूट फचफच वाजतायत आणि मी म्हणतेय, "अहो, ट्रेन तरी मिळेल ना?" मिळाली, पण स्टेशन होप गावात नाही, गावाच्याही पुढे आहे, हे लक्षात ठेवा. फोनला खोऱ्यात सगळीकडे नेटवर्क मिळत नाही, तेव्हा टाइमटेबलचा फोटो काढून ठेवा आणि ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल१ नंबरचा कागदी नकाशा सोबत असू द्या.

स्टॉपवर बस आली की हात दाखवायचा, नाहीतर ती तशीच पुढे जाते. आणि उतरताना ड्रायव्हरला थँक यू म्हणायचं, इथे सगळेच म्हणतात.