गच्चीवर सोलर: स्वतः विकत घ्यावं की रेस्को कंपनीला गच्ची द्यावी?

मुंबईत सोसायटीच्या सभेत सोलरचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, ‘किलोवॅटला काय भाव?’ त्याआधी एक विचारा: इमारत रिडेव्हलपमेंटला कधी जाणार? दोन्ही मार्गांचं गणित त्यावर फिरतं.

एक मार्ग म्हणजे सोसायटीने पैसे घालून स्वतःचा संच बसवायचा. दुसरा रेस्कोचा, म्हणजे ‘रिन्यूएबल एनर्जी सर्व्हिस कंपनी’चा: कंपनी स्वखर्चाने पॅनेल लावते, देखभालही तीच करते आणि सोसायटी ठरलेल्या दराने युनिटमागे पैसे देते. हा करार बहुधा १५ ते २५ वर्षांचा.

२० किलोवॅटचा संच धरू. त्याला सावली नसलेली सुमारे दोन हजार चौरस फूट गच्ची लागते. पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टची मशीनरूम वगळून एवढी जागा उरते का, ते टेप लावूनच पाहा. मुंबईत एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी पावणेचार-चार युनिट मिळतात, पण जुलै-ऑगस्टमध्ये बरेच कमी. स्वतःचा संच असेल तर पीएम सूर्यघर योजनेत सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार, म्हणजे इथे ३ लाख ६० हजार अनुदान. अट अशी की पॅनेल आणि त्यातले सेल देशी हवेत.

शेजारच्या टॉवरची सावली पडत असेल तर? स्वतःच्या संचात तोटा तुमचा, रेस्कोत कंपनीचा. त्यामुळे सावलीची पाहणी रेस्कोवाले मन लावून करतात. विकणाऱ्याकडून मात्र ती मागूनच घ्यावी लागते.

युनिटच्या हिशोबात उलटं आहे. नेट मीटरिंगमध्ये दुपारचे जादा युनिट वीज कंपनीच्या जाळ्यात जातात आणि लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे यांच्या रात्रीच्या वापरातून वजा होतात. मार्चअखेर शिल्लक उरलेल्या युनिटला मात्र बिलातल्या दरापेक्षा बराच कमी भाव मिळतो. रेस्कोला पैसे तयार झालेल्या प्रत्येक युनिटचे मिळतात, म्हणून मोठा संच तिच्या फायद्याचा आणि शिलकीचा भुर्दंड तुमच्या माथी. कुठल्याही मार्गात क्षमता वर्षाच्या सामाईक वापराच्या आतच ठेवा. स्थिर आकार तसाही भरावाच लागतो. वीज गेली की संच बंद पडतो, तेव्हा जनरेटर विकायची घाई नको.

गळतीवरून भांडणं ठरलेली. स्लॅबला भोकं पाडून सांगाडा बसवला तर वॉटरप्रूफिंगची हमी कोणाची, हे लेखी हवं. काँक्रीटचे ठोकळे ठेवून बसवला तर वजन वाढतं. मुंबईसाठी संरचनेच्या मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलेला आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला त्या हिशोबाने घ्या. समुद्राजवळ सांगाड्याच्या गॅल्व्हनाइझिंगमध्ये, म्हणजे गंज रोखणाऱ्या जस्ताच्या थरात, काटकसर अजिबात नको.

इमारत नवी आणि हाताशी पैसा असेल तर मी डोळे झाकून स्वतःचा संच घेईन. मोठ्या संकुलात पैसा नसेल तर रेस्को वाईट नाही. इमारत चाळिशीची, म्हणजे रिडेव्हलपमेंटच्या उंबरठ्यावर असेल तर रेस्कोपासून लांबच राहा. स्वतःची पॅनेल काढून विकता येतात किंवा दुसरीकडे लावता येतात. करार मधेच मोडला तर कंपनी उरलेल्या वर्षांचे पैसे मागते. तरी रेस्कोच घ्यायची असेल, तर कितव्या वर्षी किती रक्कम देऊन सुटता येईल याचा तक्ता सही करण्याआधी करारालाच जोडून घ्या.