जुन्या व्हिजिओवाल्यांसाठी लिब्रेऑफिस ड्रॉ – टाकाच!

जुनं व्हिजिओ (मायक्रोसॉफ्टचं आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांना कुणी पाठवलेली नवी व्हिजिओ फाइल उघडत नसेल तर त्यांनी लिब्रेऑफिस ड्रॉ हे आकृत्यांचं सॉफ्टवेअर टाकून बघाच, पूर्ण फुकट आहे. व्हिजिओ २०१३ पासून व्हीएसडीच्या जागी व्हीएसडीएक्स फाइल आली, आतून ती झिप केलेली एक्सएमएल असते त्यामुळे व्हिजिओ २००७ ला ती कळतच नाही आणि नुसतं एक्सटेन्शन बदलून काही होत नाही. ड्रॉमध्ये थेट उघडते, आमच्या नेटवर्क डायग्राममधले बॉक्स, बाण, नावं सगळं एडिट करता आलं, खूप बरं वाटलं!! फक्त परत व्हीएसडीएक्समध्ये सेव्ह होत नाही हं, ओडीजी (ड्रॉची स्वतःची फाइल) नाहीतर पीडीएफ करा. आणि पाठवणारा ऐकणारा असेल तर त्यालाच सांगा, सेव्ह ॲजमध्ये २००३-२०१० वाली व्हीएसडी निवडून पाठव म्हणावं, ते सगळ्यात सोपं.